खाजण, मानस आणि गावकरी : एका बांधामागचा इतिहास

गोमंतकाचा इतिहास लिहिताना आपली लेखणी सहसा राजवटींच्या मागून चालते. कदंब आले, बहमनी व विजयनगरची सत्ता येऊन गेली, आदिलशाही आली, १५१० साली पोर्तुगीज आले आणि १९६१ साली गेले. या सर्व उलथापालथीत मांडवी आणि जुवारी यांच्या काठांवर दिवसातून दोनदा भरती येतच होती, आणि ती अडविणारा बांध कोणी ना कोणी राखीत होते. बांध राखणाऱ्या त्या माणसांचा, आणि त्यांनी तो कोणत्या व्यवस्थेच्या बळावर राखला याचा विचार आपल्या इतिहासग्रंथांत क्वचितच आढळतो. ग्रंथालयाच्या शतकपूर्तीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात गोमंतकाच्या मराठी वाङ्मयाविषयी अधिकारी मंडळी लिहितीलच. प्रस्तुत लेखकाने मात्र, मराठीचा अध्यापक असूनही, खाजणाचा विषय मुद्दाम निवडला आहे. वर्गात खाजणकाठच्या गावांतून येणाऱ्या मुलांना ‘पोंय’ या शब्दाचा अर्थ विचारावा, तर अलीकडे बहुतेक मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. शब्द नाहीसा होतो तेव्हा त्यामागची वस्तू, आणि वस्तूमागचा व्यवहार, आधीच नाहीसा झालेला असतो.

खाजण म्हणजे खाडीच्या किंवा भरतीच्या नदीच्या काठची, मूळची खारट दलदलीची जमीन, जी बांध घालून लागवडीखाली आणली आहे. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन असल्याचे सांगितले जाते. तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी या जुन्या काबिजादीच्या तालुक्यांत ती विशेष आहे, पण फोंडे, पेडणे, डिचोली येथेही आहे. या जमिनीचे वैशिष्ट्य असे की तिची पातळी भरतीच्या पातळीहून खाली असते. बांधावर उभे राहून एका बाजूला नदीचे पाणी आणि दुसऱ्या बाजूला भाताचे शेत पाहिले, की पाणी वर आणि शेत खाली हे डोळ्यांना प्रथम पटतच नाही. म्हणून येथे बांध हा शेताचा केवळ काठ नसतो. तो आहे म्हणून शेत आहे.

नदीच्या अंगाला तिवरांची एक पट्टी राखलेली असते. ती लाटांचा मारा झेलते. तिच्यामागे मुख्य बांध. तो चिखलाचा, आत गवत-पेंढा, बांबू किंवा खांब घालून घट्ट केलेला, आणि प्रवाहाचा जोर असेल तेथे बाहेरून चिऱ्यांनी बांधून काढलेला. बांधाच्या आत सखल भागात पाण्याचा साठा असतो, तीच पोंय. तिच्यापासून आतले लहान बांध शेतांना वेगळे करतात. शेतांच्या पलीकडे उंचवट्यावर माड आणि त्यामागे घरे. मुख्य बांधात योग्य ठिकाणी लाकडी दाराचा मोऱ्यासारखा मार्ग असतो. त्याला गोव्यात ‘मानस’ म्हणतात. तिची दारे अशी बसविलेली असतात की भरती चढू लागली म्हणजे बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच ती मिटतात, आणि ओहोटी लागली म्हणजे आतल्या पाण्याच्या दाबाने उघडून आतले जादा पाणी नदीत जाते. माणसाला रोज हात लावण्याची फारशी गरज नाही. चंद्र आपले काम करतो आणि दार आपले.

मात्र दार हवे तेव्हा उघडे धरून ठेवताही येते, आणि सारा इतिहास या एका सोयीभोवती फिरतो. भरतीच्या वेळी दार उघडे ठेवले म्हणजे पाण्याबरोबर कोळंबी, शेवटे, काळुंद्रे, खेकडे पोंयीत शिरतात. ओहोटीला त्याच मानशीच्या तोंडाशी पिशवीसारखे जाळे लावले की परत निघालेली मासळी त्यात सापडते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हे काम जोरात चालते. म्हणजे ज्या दाराने भात वाचवायचे त्याच दाराने मासळी मिळवायची. भाताला खारे पाणी नको, मासळीला ते हवे.

यातून वाट कशी काढली होती, ते पाहण्यासारखे आहे. जूनच्या पहिल्या पावसात शेतातील खार धुऊन निघू द्यायचा. त्या काळात दार आतले पाणी बाहेर सोडण्यापुरतेच उघडायचे. खार पुरेसा उतरला की मोड आलेले बियाणे टाकायचे. कोरगूट, आसगो यांसारख्या भाताच्या जाती थोडाफार खार सोसतात आणि पुराच्या पाण्यातही उभ्या राहतात. भात कापून होईपर्यंत खाऱ्या पाण्याला आत मज्जाव. कापणी आटोपल्यावर, पुढल्या पावसापर्यंत, अनेक खाजणांत खारे पाणी आत घेतले जाई आणि त्या महिन्यांत मासळीचे उत्पन्न होई. त्या पाण्याबरोबर येणारा गाळ जमिनीला खत होई, आणि गोड्या पाण्यावर वाढणारे तण मरून जाई. काही ठिकाणी त्याच मोसमात मिठागरे चालत. आगरवाडे, हडफडे, रायबंदर या भागांत त्यांचा मोठा व्यवसाय होता. एकाच जमिनीवर भात, मासळी आणि मीठ ही तीन उत्पन्ने, आणि बांधावरच्या व त्यामागच्या माडांचे चौथे. आज ‘शाश्वत विकास’ या नावाने परिसंवाद भरतात त्यांत याहून वेगळे काही सांगितले जाते असे वाटत नाही; फरक एवढाच की येथे ते वेळापत्रकात बसविलेले होते, आणि वेळापत्रक मोडणाऱ्याला जाब विचारणारा कोणीतरी होता.

तो कोणीतरी म्हणजे गावकरी. आपल्याकडे गावकरी म्हणजे गावात राहणारा माणूस. गोव्यात मात्र ‘गावकरी’ ही संस्था आणि तिचा सभासद तो गावकार. पोर्तुगीजांनी पुढे तिला ‘कोमुनिदाद’ म्हटले. गावाची जमीन कोणा एकाची नव्हे, गावकरीची. तिच्या आरंभाविषयी पुष्कळ वाद आहेत आणि त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. परंतु भरती अडवून जमीन करण्याची विद्या फार जुनी आहे एवढे निश्चित. बांदोडे येथे सापडलेला कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्मन याचा ताम्रपट साधारणपणे सहाव्या शतकातला मानतात. त्यात दान दिलेल्या जमिनीच्या संदर्भात खाजणाचा, आणि बांध घालून खारे पाणी अडवून शेत करण्याचा उल्लेख येतो. राजा देतो ती तयार जमीन नव्हे. जमीन करून घेण्याचा अधिकार देतो. ज्याने समुद्राकडून ती मिळवावी त्याची ती.

हेच सूत्र हजार वर्षांनी एका परकीय कागदात भेटते. १५२६ साली आफोंसो मेशिया या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्याने तिसवाडीतील गावांचे रीतिरिवाज नोंदवून घेतले. ‘फोराल’ या नावाने तो दस्तऐवज प्रसिद्ध आहे. गोवा बेट हाती येऊन सोळाच वर्षे झाली होती. नव्या राज्यकर्त्याला सारा हवा होता, आणि सारा कोण, कसा देतो हे समजून घेतल्यावाचून तो मिळणार नव्हता. त्या फोरालाच्या आरंभी गावकारांनी सांगितलेली परंपरा नोंदली आहे. पूर्वी चार माणसे ओसाड बेटावर आणि इतर पडीत जमिनींवर आली, त्यांनी ती लागवडीस आणली, वस्ती वाढली, आणि चांगल्या व्यवस्थेमुळे त्यांना गावकार हे नाव मिळाले, असा तिचा आशय. तिच्यात दंतकथेचा भाग किती हे सांगणे कठीण. पण हक्काचे मूळ त्यांनी राजाच्या सनदेत किंवा देवाच्या कृपेत न दाखविता श्रमात दाखविले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) या ग्रंथातील आपल्या निबंधात सह्याद्रिखंडातील कथा आणि या गावसंस्था शेजारी ठेवून तपासल्या आहेत. वाचकांनी तो निबंध अवश्य पाहावा.

गावकरीचा व्यवहार पुढील काळात जसा दिसतो तो थोडक्यात असा. सरकारचा सारा गावाने मिळून द्यायचा. एकाची कुचराई सर्वांच्या अंगावर. शेते ठरावीक मुदतीसाठी लिलावाने खंडावर द्यायची. मानशीवरच्या मासळीचा हक्कही लिलावाने द्यायचा. येणाऱ्या रकमेतून आधी सारा, मग बांधांची डागडुजी, देवस्थानाचा आणि गावाच्या नोकरांचा खर्च, आणि यानंतर शिल्लक राहील ती गावकारांमध्ये वाटायची. ठराव कुळकर्ण्याच्या लेखणीतून उतरल्याशिवाय पक्का होत नसे. अशा दप्तरांपैकी काही गोयकानडी लिपीतील आहेत आणि पणजीच्या पुराभिलेखागारात जपलेली आहेत. ती वाचू शकणारी माणसे मात्र आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

वाटणीचा हा क्रमच महत्त्वाचा आहे. बांधाचा खर्च आधी, गावकाराचा वाटा मागून. बांध फुटला तर खंड बुडणार, मानशीचा लिलाव बुडणार, पण सारा चुकणार नाही, आणि तो गावकारांच्याच खिशातून जाणार. म्हणून मे महिन्यात बांधावरून फेरी मारणे, खेकड्यांनी पाडलेली भोके बुजविणे, मानशीच्या कुजलेल्या फळ्या बदलणे ही कामे कोणाच्या सद्‌बुद्धीवर सोडलेली नव्हती. मासळीचा मक्तेदारही शेतकऱ्याच्या वेळापत्रकाने बांधलेला होता, कारण मक्ता देणारा आणि शेत देणारा एकच होता. मक्तेदाराने अवेळी खारे पाणी आत घेतले तर गावकरीचेच भात बुडत असे. खाजणाचे रहस्य शोधणारे बांधाच्या चिखलाची आणि लाकडाची पुष्कळ वाखाणणी करतात. ती योग्यच आहे. पण खरी कारागिरी या हिशेबात होती, असे मला वाटते.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. गावकरीविषयी लिहिणारे बरेचसे लेखक तिला सुवर्णयुगाचे रूप देतात. गावकरीतला वाटा पुरुषवंशाने चालत असे. गावकाराच्या मुलीला तो नव्हता. बाहेरून येऊन पिढ्यान्‌पिढ्या गावात राहिलेल्यांना ठरावात मत नव्हते. आणि ज्यांनी गुडघाभर चिखलात उभे राहून प्रत्यक्ष बांध घातले, ज्यांच्या घरच्या बायकांनी डोक्यावरून चिखलाच्या पाट्या वाहिल्या, ते बहुधा गावकार नव्हतेच. शिवाय पोर्तुगीज अमदानीत संस्थेचे रूप पालटत गेले. सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली आणि देवस्थानांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळविले गेले. पुढे भांडवलाच्या भागांसारखे भाग निघाले, ते विकले जाऊ लागले, आणि मुंबईत बसून वाटा घेणारा गावकार ही नवलाची गोष्ट राहिली नाही. १९०४, १९३३ आणि शेवटी १९६१ अशा एकामागून एक संहितांनी सरकारी प्रशासकाचा हात वाढत गेला. लिलावात शेत घेणारा कूळ मुदत संपताच बेदखल होऊ शकत होता. तेव्हा १९६१ पर्यंत जी गावकरी उरली होती ती फोरालातील चार माणसांची गावकरी नव्हती, हे मान्य केलेच पाहिजे.

म्हणूनच मुक्तीनंतर कुळांच्या बाजूने कायदा झाला, तो न्याय्य होता. दयानंद बांदोडकर यांच्या सरकारच्या काळात १९६४ चा कूळकायदा आला. त्यानंतर शशिकला काकोडकर यांच्या काळात १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने ‘कृषकदिन’ ठरवून कसणाऱ्याला मालक मानले गेले. पिढ्यान्‌पिढ्या खंड भरणाऱ्या कुटुंबांना याचे मोल किती होते, हे ज्यांनी ती घरे पाहिली आहेत त्यांना सांगण्याची गरज नाही. अडचण दुसरीकडे होती. शेत तुकड्यातुकड्याने देता येते. बांध आणि मानस तुकड्यांत देता येत नाहीत. हक्क ज्या सहजतेने एकेका कुळाच्या नावावर चढला तितक्या सहजतेने जबाबदारी कोणाच्याच नावावर चढली नाही. गावकरी म्हणू लागली, उत्पन्न आमचे नाही तर बांध आमचा कसा? कूळ म्हणू लागले, बांध तर कायम गावकरीने पाहिला.

कायदा करणाऱ्यांना हे उमगले नव्हते असे नाही. १९७५ साली कुळांच्या संयुक्त जबाबदारीविषयीचे नियम झाले आणि खाजणाखाजणांत कुळांचे संघ स्थापन झाले. बांध, मानस, लिलाव हे सारे त्या संघांकडे आले, आणि दुरुस्तीला सरकारी अनुदानाची जोड मिळाली. नियमाच्या नावातच ‘संयुक्त जबाबदारी’ हे शब्द आहेत. काही संघांनी ती उत्तम निभावली. पण बऱ्याच ठिकाणी वेगळेच घडले. मजुरी वाढली, मुले खाणींवर, जहाजांवर, आखातात, कचेऱ्यांत गेली, आणि खाजणातले भात हा आतबट्ट्याचा धंदा ठरू लागला. याच काळात कोळंबीचा भाव चढत गेला. मानशीच्या लिलावाची रक्कम शेताच्या उत्पन्नाहून जड झाली. मग मक्तेदाराचे हित एका बाजूला आणि शेतकऱ्याचे दुसऱ्या, अशी जुनी तिढ्याची गोष्ट पुन्हा वर आली. मात्र या वेळी दोघांच्या वर बसून हिशेब करणारा कोणी नव्हता. दार अवेळी उघडे राहू लागले. जोराने आत-बाहेर करणारे पाणी मानशीच्या पायालगतचा चिखल खरवडून नेते, बांध तेथून खचतो, शेतात खार शिरतो आणि पेरणी वाया जाते. एक हंगाम पडीक गेला की दुसऱ्या हंगामात पेरण्याचा उत्साह राहत नाही, आणि शेत पडीक असेल तर पाणी आत घेण्याला हरकत तरी कोणाची? पडीक शेताचे तळे होते. बांध मुद्दाम फोडले गेल्याच्या तक्रारीही वेळोवेळी झाल्या आहेत.

या आतल्या दुखण्याला बाहेरचे धक्के बसले. दुसऱ्या महायुद्धानंतर लोहखनिजाची निर्यात वाढली आणि मांडवी-जुवारीतून खनिजाच्या बार्जांची रांग सुरू झाली. त्यांच्या लाटा चिखलाच्या बांधांना सतत धुऊन काढीत. खाणींच्या ढिगाऱ्यांतील लाल माती ओढ्यांतून शेतांत आणि पोंयींत उतरे. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा नद्या काही काळ शांत झाल्या, पण बसलेला गाळ तेथेच राहिला. कोकण रेल्वेचा मार्ग खाजणांवरून नेण्याविरुद्ध नव्वदच्या दशकाच्या आरंभी मोठे आंदोलन झाले. १९९८ साली रेल्वे पूर्णपणे सुरू झाली. तिने आपली सोय केली आहे आणि तिच्यातून आपण सारेच प्रवास करतो. तरी भरावामुळे पाण्याच्या वाटा बदलतात ही त्या वेळची हरकत निराधार नव्हती.

केवळ गोव्यातच असे झाले, असे समजू नये. उत्तरेस कुलाबा आणि ठाणे जिल्ह्यांत खारभूमीची ‘शिलोत्री’ पद्धत होती. शिलोत्रीदार बाहेरचा बांध राखी, आणि त्याबद्दल कसणाऱ्यांकडून सरकारी साऱ्याखेरीज बिघ्यामागे ठरावीक धान्य घेई. येथेही उत्पन्न आणि बांध एका गाठीत बांधलेले होते. मुंबई राज्याचा १९४८ चा आणि महाराष्ट्राचा १९७९ चा खारभूमी कायदा झाला तसतशी ही गाठ सुटत गेली आणि बांधाची मुख्य जबाबदारी सरकारी खात्याकडे आली. खाते अंदाजपत्रकाच्या गतीने चालते. भोक बुजवायला एक माणूस आणि एक दिवस पुरतो तेव्हा कागद फिरत असतो, आणि मंजुरी येईपर्यंत त्या भोकाचे खिंडार झालेले असते. सरकारी माणसे वाईट असतात म्हणून असे होते, असे नव्हे. त्यांचे घर बांधामागे नसते, एवढेच.

आता यात एक नवाच पेच पडला आहे. बुडालेल्या शेतांत तिवरे आपोआप उगवतात आणि दहा-पंधरा वर्षांत दाट रान होते. तिवरांचे मोल आज सर्वांना पटले आहे. चोडण बेटावरचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य १९८८ साली झाले, तेही तिवरांच्याच रानात. कायद्याने तिवरे तोडता येत नाहीत. मग बांध दुरुस्त करून आपले शेत पुन्हा कसू पाहणाऱ्या कुळापुढे प्रश्न उभा राहतो, की हे शेत आहे की वन? बांधाबाहेरचे तिवर बांधाचे रक्षक आणि बांधाआतले तिवर बांध हरल्याची खूण, हा भेद जुन्या माणसाला सांगावा लागत नसे. उपग्रहाच्या छायाचित्रात दोन्ही हिरवीच दिसतात. २०११ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजणांचा स्वतंत्र उल्लेख आला. त्यांचे नकाशे करावेत, व्यवस्थापनाचा आराखडा तयार करावा, विकासकामांना तेथे परवानगी देऊ नये, असे त्यात म्हटले आहे. खाजण बुजवून घरे आणि हॉटेले उभारण्याची ओढ पाहता या संरक्षणाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ‘करू नये’ची यादी शेताला पुरत नाही. मे महिन्यात बांधावर कोणी जावे, मानशीच्या फळ्या कोणाच्या पैशाने बदलाव्यात, आणि लिलावाच्या रकमेतून बांधाचा वाटा आधी काढावा की मागून, हे प्रश्न नकाशाने सुटण्यासारखे नाहीत.

अलीकडे काही गावांत तरुण मंडळी आणि चर्चचे व देवस्थानांचे कार्यकर्ते एकत्र येऊन पडीक खाजणे पुन्हा कसू लागली आहेत. कोरगुटाच्या लाल तांदळाला शहरांत गिऱ्हाईक मिळू लागले आहे. या प्रयत्नांत गावकार, कूळ आणि भूमिहीन मजुरांची मुले एकाच बांधावर काम करताना दिसतात, आणि असे दृश्य फोरालाच्या काळातही दिसले नसावे. मात्र शेते कोणाच्या नावावर, मानस कोणाच्या ताब्यात आणि मासळीचा पैसा कोणाचा, यांची उत्तरे अद्याप तीन वेगळ्या कचेऱ्यांत तीन वेगळ्या फायलींत आहेत. पहिल्या वर्षी उत्साहाने बांध उभा राहतो. दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात खेकड्यांची भोके बुजवायला कोणी जायचे, हे ठरविण्यासाठी सभा बोलवावी लागते, आणि त्या सभेची टिपणे घेणारा कुळकर्णी आता नाही.